निक रॉबिन्सन आणि ‘टुडे’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला कुठल्यातरी सकाळी, घरमालकाच्या स्वयंपाकघरात नाहीतर टॅक्सीत, रेडिओवर एक किंचित घोगरा आवाज ऐकू येतो. समोर बहुधा एखादा मंत्री असतो आणि त्याची गाडी अडलेली असते. त्या आवाजाच्या मालकाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण मजकूरच तसा आहे.

निक रॉबिन्सन नेमके कोण?

बीबीसी रेडिओ ४ वरच्या ‘टुडे’ या सकाळच्या बातम्यांच्या कार्यक्रमाचे एक निवेदक, नोव्हेंबर २०१५ पासून. त्याआधी दहा वर्षं ते बीबीसीचे राजकीय संपादक होते आणि त्याही आधी तीन वर्षं आयटीव्ही न्यूज या प्रतिस्पर्धी वाहिनीचे राजकीय संपादक. टक्कल, चष्मा आणि पाठीमागे १०, डाउनिंग स्ट्रीटचा काळा दरवाजा, अशी त्यांची टीव्हीवरची छबी ब्रिटिश प्रेक्षकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. आमच्या मते मात्र त्यांचं खरं काम रेडिओवरचंच.

‘टुडे’ला एवढं महत्त्व का?

कार्यक्रम सुरू झाला २८ ऑक्टोबर १९५७ रोजी, आणि तेव्हा त्याचं रूप बरंच हलकंफुलकं होतं. राजकारणाला धार चढली ती पुढच्या दोन-तीन दशकांत. आता सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते नऊ आणि शनिवारी सात ते नऊ अशी त्याची वेळ आहे. दोन निवेदक, बातमीपत्रं, वर्तमानपत्रांचा आढावा, हवामान, खेळ, पावणेआठच्या सुमाराला एखाद्या धर्मगुरूचं किंवा श्रद्धावानाचं छोटं चिंतन आणि मधे मुलाखती. २०१७ मध्ये आठवड्याचे श्रोते सत्तर लाखांच्या वर गेले होते.

पण नुसत्या आकड्यावरून त्याचं वजन कळत नाही. हा कार्यक्रम मंत्री, खासदार, सचिव, संपादक आणि बँकवाले ऐकतात. दिवसभराच्या बातम्यांचा सूर इथे लागतो. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला आणि गोर्बाचेव यांनी अमेरिकेचा दौरा आटोपता घेतला, तेव्हा ‘टुडे’ ऐकत असलेल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी स्वतः फोन उचलून कार्यक्रमाच्या कचेरीत लावला. देशाच्या पंतप्रधान घरी रेडिओ लावून बसल्या आहेत आणि न बोलावता बोलायला येताहेत, हे दृश्य आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही.

त्याच्या ताकदीची दुसरी, काळी बाजूही आहे. २९ मे २००३ रोजी सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी अँड्र्यू गिलिगन या वार्ताहरानं इराकच्या शस्त्रास्त्रांबद्दलच्या सरकारी अहवालात भर घातली गेल्याचा आरोप याच कार्यक्रमात केला. त्यातून उसळलेल्या वादात गिलिगन यांना माहिती देणारे शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचा मृत्यू झाला, न्यायाधीश हटन यांनी चौकशी केली, आणि जानेवारी २००४ मध्ये बीबीसीचे अध्यक्ष गेव्हिन डेव्हिस आणि महासंचालक ग्रेग डाइक या दोघांनाही खुर्ची सोडावी लागली. भल्या पहाटेच्या, कागदावर नीट न उतरवलेल्या दोन वाक्यांपासून हे सगळं सुरू झालं होतं.

‘आठ-दहाची मुलाखत’ म्हणजे काय?

आठचं बातमीपत्र दहा मिनिटं चालतं. ते संपलं की, म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांनी, दिवसाची मुख्य मुलाखत. बहुतेकदा मंत्री, कधी पंतप्रधान, कधी एखाद्या संस्थेचा अडचणीत आलेला प्रमुख. कामाला निघालेला सगळा देश त्या वेळी गाडीत किंवा स्वयंपाकघरात असतो, त्यामुळे तिथे जाणं हा मान असतो आणि धोकाही.

धोका किती, याचा नमुना म्हणजे बीबीसीचेच महासंचालक जॉर्ज एंटविसल. १० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘टुडे’चे निवेदक जॉन हम्फ्रिस यांनी त्यांना आपल्याच संस्थेच्या एका चुकीच्या बातमीवरून प्रश्न विचारले. तुम्हाला आधी कुणी सांगितलं का, तुम्ही पेपर वाचलात का, तुम्ही कुणाला विचारलंत का, अशा साध्या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’, ‘नाही’ अशीच येत गेली. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. पदावर येऊन त्यांना ५४ दिवस झाले होते. नोकरानं मालकाची एवढी जाहीर उलटतपासणी घ्यावी आणि नोकराची नोकरी शाबूत राहावी, ही बीबीसीची गंमत आहे.

रॉबिन्सन यांची घरची पार्श्वभूमी काय?

जन्म ५ ऑक्टोबर १९६३, इंग्लंडच्या वायव्य भागातल्या चेशर परगण्यातल्या मॅकल्सफील्डचा. आईचे आई-वडील जर्मन ज्यू. नाझींच्या काळात देश सोडून ते शांघायला गेले आणि आईचा जन्म तिथला. रॉबिन्सन या आजोळाबद्दल जाहीरपणे बोलले आहेत. शाळा चीडल ह्यूमची, पुढे ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र. ब्रिटनमधले निम्मे राजकारणी आणि त्यांना प्रश्न विचारणारे निम्मे पत्रकार याच अभ्यासक्रमातून बाहेर पडल्यासारखे वाटतात, आणि दोन्ही बाजू एकमेकांना इतक्या ओळखून का असतात याचं एक कारण तेही असावं.

तरुणपणीच्या अपघाताचा उल्लेख नेहमी का होतो?

कारण त्या अपघाताचा आणि ‘टुडे’चा थेट संबंध आहे. १९८२ मध्ये, ऑक्सफर्डला जाण्याआधी, अठरा वर्षांचे रॉबिन्सन दोन मित्रांबरोबर गाडीनं फ्रान्समध्ये फिरायला गेले होते. तिथे गाडीला अपघात होऊन ती पेटली. दोन्ही मित्र गेले. रॉबिन्सन भाजले, पण वाचले. गेलेल्या मित्रांपैकी एक ब्रायन रेडहेड यांचा मुलगा होता, आणि रेडहेड त्या वेळी ‘टुडे’चे सर्वांत गाजलेले निवेदक होते.

मित्राच्या घरी जाता-येता या माणसाचं काम जवळून पाहून आपल्याला पत्रकार व्हावंसं वाटलं, असं रॉबिन्सन यांनी सांगितलं आहे. रेडहेड जानेवारी १९९४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर ‘टुडे’त जेम्स नॉटी आले आणि २०१५ मध्ये नॉटी यांची जागा रॉबिन्सन यांना मिळाली. म्हणजे मधे एकच माणूस सोडून, मित्राच्या वडिलांच्या खुर्चीत ते बसले. कादंबरीत हे कुणी लिहिलं असतं तर संपादकानं ओढूनताणून जुळवलंय म्हणून कापून टाकलं असतं.

ब्रायन रेडहेड यांचं एवढं काय?

न्यूकॅसलकडचा माणूस, ‘मँचेस्टर इव्हनिंग न्यूज’चे माजी संपादक, १९७५ पासून ‘टुडे’वर. उत्तरेकडचा हेल, भरपूर विनोद आणि मंत्र्यांसमोर न झुकणारी मान. त्यांची एक गोष्ट आजही सांगितली जाते. १९८७ च्या अर्थसंकल्पानंतर अर्थमंत्री नायजेल लॉसन मुलाखतीला आले. प्रश्न टोचू लागले तेव्हा लॉसन म्हणाले, की तुम्ही तर आयुष्यभर मजूर पक्षाचे पाठीराखे, तुम्ही असंच बोलणार. रेडहेड यांनी लगेच सुचवलं, की आपण आता मिनिटभर शांतता पाळू या. मी मत कुणाला देतो हे ठाऊक असल्याचं सुचवण्याचं धाडस केल्याबद्दल तुम्ही तेवढ्यात माफी मागा, आणि ती शांतता तुम्ही आता टाकून दिलेल्या आर्थिक धोरणाच्या स्मरणार्थही होऊन जाईल.

‘तू कुणाचा?’ हा आरोप प्रश्नकर्त्यावर उलटवणं ही राजकारण्यांची जुनी युक्ती आहे. रॉबिन्सन यांच्याबाबतीत तर ती वापरायला आयतं साधनच हाताशी होतं.

म्हणजे ते हुजूर पक्षाचे होते हे खरं?

हो, आणि त्यांनी ते कधी लपवलेलं नाही. शाळकरी वयापासून ते पक्षाच्या युवक शाखेत होते, ऑक्सफर्डमधल्या हुजूर पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि राष्ट्रीय पातळीवरही त्यांनी काम केलं. पक्षातल्या मवाळ गटात त्यांचा वावर होता, थॅचर यांच्या कडव्या अनुयायांशी त्या गटाचं जमत नसे.

बीबीसीत आल्यावर तो अध्याय त्यांनी संपवला. पण विरोधकांनी संपवला नाही. मजूर पक्षाचे कार्यकर्ते त्यांना हुजूर पक्षाचा माणूस म्हणत राहिले, स्कॉटलंडचे राष्ट्रवादी लंडनचा हस्तक म्हणाले, आणि ब्रेक्झिटनंतर हुजूर पक्षातल्याच अनेकांना ते बीबीसीच्या उदारमतवादी कंपूतले वाटू लागले. त्यांच्या आधीचे राजकीय संपादक अँड्र्यू मार तरुणपणी चांगलेच डावे होते, हेही इथे सांगायला हवं. राजकारणात जीव गुंतल्याशिवाय कुणी चाळीस वर्षं राजकारणाची बातमीदारी करत नाही. तो गुंतलेला जीव माइकसमोर बसताना बाहेर ठेवता येतो का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याची परीक्षा रोज सकाळी होते. आमचं मत असं, की रॉबिन्सन यांच्या मुलाखतींत कुठल्या पक्षाकडे झुकाव सापडणं कठीण आहे. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, चार भिंतींत जे घडतं त्यालाच राजकारण मानण्याची सवय मात्र सापडते. तो दोष वेगळा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

करिअरची सुरुवात कशी झाली?

मँचेस्टरच्या पिकाडिली रेडिओपासून, म्हणजे स्थानिक व्यावसायिक केंद्रापासून. १९८६ मध्ये बीबीसीत शिकाऊ निर्माता म्हणून प्रवेश. पुढची दहा वर्षं ते पडद्यामागेच होते. राजकीय कार्यक्रमांची निर्मिती केली, ‘पॅनोरमा’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचे ते उपसंपादक होते. १९९६ मध्ये राजकीय वार्ताहर म्हणून समोर आले, रेडिओ ५ लाइव्हवर निवेदन केलं, मग चोवीस तास बातम्यांच्या वाहिनीचे मुख्य राजकीय वार्ताहर. २००२ मध्ये आयटीव्हीनं पळवलं, २००५ मध्ये बीबीसीनं परत आणलं.

या पेशात येऊ पाहणाऱ्यांनी ती पडद्यामागची दहा वर्षं ध्यानात घ्यावीत. दुसऱ्यासाठी प्रश्न लिहून देणं, पाहुण्यांना फोन करणं, चाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून चार मिनिटं काढणं हे सगळं करून झाल्यावर माणूस स्वतः प्रश्न विचारायला बसला, की कुठलं वाक्य टिकेल आणि कुठलं कापलं जाईल हे त्याला आधीच कळतं.

बीबीसीचा राजकीय संपादक नेमकं काय करतो?

नावात संपादक असला तरी मजकूर तपासत बसत नाही. तो देशाचा मुख्य राजकीय वार्ताहर. संसदेत आणि डाउनिंग स्ट्रीटवर जे घडतं ते दिवसभरात रेडिओ, टीव्ही आणि वेबसाइट अशा सगळीकडे समजावून सांगायचं. जॉन कोल, रॉबिन ओकली, अँड्र्यू मार, रॉबिन्सन, लॉरा कुन्सबर्ग, ख्रिस मेसन अशी १९८१ पासूनची परंपरा. कुन्सबर्ग या पदावरच्या पहिल्या महिला.

या कामाचा मोठा भाग ‘लॉबी’त चालतो. लॉबी म्हणजे संसदेत वावरण्याचा परवाना असलेल्या पत्रकारांचा गट. त्यांना मंत्री आणि सल्लागार नाव न सांगण्याच्या अटीवर माहिती देतात. ‘पंतप्रधानांच्या जवळच्या सूत्रांनुसार’ हे आपल्याही ओळखीचं वाक्य तिथूनच येतं. या पद्धतीत पत्रकाराला आतलं कळतं, आणि ज्यांच्याकडून कळतं त्यांना दुखवायची हिंमत कमी होते. रॉबिन्सन त्या आतल्या वर्तुळातले होतेच. पण मे २०१० मध्ये कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि पाच दिवस आघाडीच्या वाटाघाटी चालल्या, तेव्हा खोलीत काय शिजतंय हे तासातासाला उलगडून सांगणारं कुणीतरी हवंच होतं. ते दिवस त्यांच्या टीव्हीवरच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम म्हणता येतील.

जॉर्ज बुश यांना त्यांनी असं काय विचारलं होतं?

७ डिसेंबर २००६. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या इराक अभ्यासगटाचा अहवाल आला होता. वॉशिंग्टनला बुश आणि टोनी ब्लेअर यांची एकत्र पत्रकार परिषद होती. रॉबिन्सन यांनी आधी अहवालातले शब्द उचलले: इराकची परिस्थिती गंभीर आहे आणि खालावते आहे. मग बुश यांचा स्वतःचा शब्द उचलला: वाढते हल्ले ‘अस्वस्थ करणारे’ आहेत. हे दोन शेजारी ठेवून म्हणाले, की लोकांना वाटेल तुम्ही अजूनही वास्तव नाकारताय, आणि दिशा बदलण्याबाबतच्या तुमच्या प्रांजळपणावरही ते शंका घेतील.

बुश उत्तरले, ‘इराकमध्ये परिस्थिती वाईट आहे. झालं समाधान?’

हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. त्यात प्रश्नकर्त्याचं मत जवळजवळ नाहीच. अहवाल दुसऱ्यांचा, शब्द खुद्द अध्यक्षांचा. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायला जागाच उरलेली नाही, कारण दोन विधानांपैकी एक सोडावं लागणार. बुश यांनी स्वतःचं सोडलं. पत्रकार परिषदेत आवाज चढवून ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. रॉबिन्सन यांना कबुली मिळाली.

बुश हे विसरले नाहीत. पुढच्या वर्षी जुलैत कॅम्प डेव्हिडला गॉर्डन ब्राउन यांच्याबरोबरच्या पत्रकार परिषदेत ऊन तापलं होतं. बुश रॉबिन्सन यांना म्हणाले, ते टक्कल झाका आता. ‘तुम्हाला माझी एवढी काळजी आहे हे माहीत नव्हतं,’ रॉबिन्सन म्हणाले. ‘नाहीच आहे,’ बुश.

फलक तोडल्याचं प्रकरण काय होतं?

२० ऑक्टोबर २०१०, सरकारी खर्चात मोठी कपात जाहीर झाली तो दिवस. संध्याकाळच्या बातम्यांसाठी रॉबिन्सन संसदेबाहेरून थेट बोलत होते. त्यांच्या मागे एक निदर्शक युद्धविरोधी, गरिबांवरच्या कपातीविरोधी फलक नाचवत होता. बोलणं संपल्यावर रॉबिन्सन यांनी तो फलक हिसकावला, मोडला आणि पायाखाली तुडवला. हे सगळं कुणीतरी चित्रित केलं. नंतर त्यांनी आपल्या ब्लॉगवर संताप अनावर झाल्याचं कबूल करून खेद व्यक्त केला. सरळ शब्दांत सांगायचं तर हात दाखवून अवलक्षण.

स्कॉटलंडमध्ये त्यांच्याविरुद्ध मोर्चा का निघाला?

स्वातंत्र्याच्या सार्वमताला आठवडा उरला होता. १० सप्टेंबर २०१४ च्या सुमाराला बातमी आली, की स्कॉटलंड वेगळा झाला तर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आपलं मुख्यालय लंडनला हलवेल. एडिनबरातल्या पत्रकार परिषदेत रॉबिन्सन यांनी स्कॉटलंडचे प्रथममंत्री अॅलेक्स सॅमंड यांना दोन गोष्टी विचारल्या. यामुळे कराचं उत्पन्न बुडणार नाही का? आणि अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या उद्योगपतींपेक्षा एका राजकारण्यावर मतदारांनी विश्वास का ठेवावा? सॅमंड यांनी पहिल्याला सविस्तर उत्तर दिलं, वर ही बातमी लंडनच्या अर्थखात्यानं फोडली म्हणून बीबीसीवरच उलट हल्ला चढवला. सभागृहात टाळ्या पडल्या.

संध्याकाळच्या बातम्यांत रॉबिन्सन यांनी सांगितलं, की सॅमंड यांनी उत्तर दिलं नाही.

मूळ पत्रकार परिषदेचं चित्रण इंटरनेटवर होतंच. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवली. रविवारी, १४ सप्टेंबरला, ग्लासगोत बीबीसीच्या कार्यालयाबाहेर मोठा जमाव जमला आणि रॉबिन्सन यांचा फोटो छापलेला, त्यांना खोटारडा म्हणणारा भला मोठा फलक झळकला. १८ तारखेला ५५ टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं. मतदान झालं होतं ८४.६ टक्के.

आपण निवडलेले शब्द चुकले हे रॉबिन्सन यांनी पुढे मान्य केलं. पण एका पत्रकाराला काढून टाका म्हणून सरकारसमर्थक जमावानं मोर्चा काढणं हे लोकशाहीला शोभत नाही, हेही ते ठासून सांगत राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बुश यांना दोन विधानं शेजारी ठेवून पकडणाऱ्या माणसाला इथे श्रोत्यांनी तशाच पद्धतीनं पकडलं, आणि यात गैर काही नाही. प्रश्नकर्त्याचं वाक्यही तपासलं गेलंच पाहिजे.

त्यांचा आवाज असा का आहे?

२०१५ च्या सुरुवातीला फुप्फुसात कार्सिनॉइड प्रकारची गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, पण स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली आणि आवाज गेला. पुढे मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक होती, म्हणजे राजकीय संपादकाच्या आयुष्यातली पाच वर्षांतून एकदा येणारी सुगी. एप्रिलमध्ये खरखरत्या, अर्धवट आवाजात ते परतले. नंतर आवाजाचे व्यायाम आणि उपचार चालूच राहिले.

त्याच वर्षी त्यांनी टीव्ही सोडून रेडिओ धरला. आवाज जायबंदी झालेल्या माणसानं नेमकं जिथे आवाजाशिवाय काहीच नाही अशा ठिकाणी जावं, याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. आज कान देऊन ऐकलं तर आवाजातली खरखर कळते. तीन तासांच्या शेवटी जास्त कळते. आणि श्रोत्यांना त्याची इतकी सवय झाली आहे, की ती त्यांची खूणच झाली.

बोरिस जॉन्सन यांना ते खरंच ‘बोलणं थांबवा’ म्हणाले होते?

म्हणाले होते. ५ ऑक्टोबर २०२१, मँचेस्टरला हुजूर पक्षाचं अधिवेशन चालू होतं. (त्या दिवशी रॉबिन्सन यांचा वाढदिवसही होता.) या मुलाखतीला एक इतिहास होता. डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकल्यावर जॉन्सन सरकारनं ‘टुडे’वर बहिष्कारच टाकला होता. अनेक आठवडे मंत्री येत नसत. करोना आल्यावर तो बहिष्कार विरला, पण जॉन्सन स्वतः या कार्यक्रमात दोन वर्षांनी येत होते.

जॉन्सन यांची पद्धत म्हणजे पाण्याचा लोंढा. प्रश्न आला की वेगात, न थांबता, विनोद पेरत, आकडे फेकत बोलत राहायचं, म्हणजे पुढचा प्रश्न यायला वेळच उरत नाही. रॉबिन्सन यांनी आधी ‘जरा थांबा’ सुचवून पाहिलं. मग स्पष्टच म्हणाले, पंतप्रधान, बोलणं थांबवा. आपण प्रश्नोत्तरं करणार आहोत, नुसतं तुमचं बोलणं नाही.

काहींना हा उद्धटपणा वाटला, काहींना फार उशिरा आलेलं शहाणपण. आम्हाला यात रेडिओचं व्याकरण दिसतं. टीव्हीवर निवेदक भुवई उंचावून, मान हलवून प्रेक्षकाला खूण करू शकतो. रेडिओवर ज्याचा आवाज चालू, त्याचं राज्य. त्यामुळे अडवायचं तर बोलूनच अडवावं लागतं. शिवाय प्रत्येक मुलाखतीला घड्याळाची मर्यादा. तासाच्या ठोक्याला ग्रिनिचचे सहा टिपके वाजतात, शेवटचा लांब. त्यांच्यावर बोलणं गेलं तर ती निवेदकाची नामुष्की मानली जाते. हे टिपके १९२४ पासून वाजताहेत आणि ते कुठल्याही पंतप्रधानासाठी थांबत नाहीत.

मग दर वेळी अडवणं, तोडणं योग्यच का?

नाही. आठ-दहाची मुलाखत आता बरीच ठरीव झाली आहे. मंत्र्याला पक्षाच्या कचेरीतून उत्तरं पाठ करून पाठवलेलं असतं, निवेदकाला ती उत्तरं आधीच ठाऊक असतात, आणि दहा मिनिटं दोघं एकमेकांची वाट अडवत राहतात. श्रोत्याच्या हाती फार थोडं लागतं.

हे रॉबिन्सन यांनाही जाणवत असावं. कारण २०१७ पासून ते ‘पोलिटिकल थिंकिंग’ नावाचा पॉडकास्टही करतात. एक पाहुणा, अर्ध्या तासाच्या वर वेळ, आणि धोरणापेक्षा जास्त ‘तुम्ही असे कसे घडलात’ यावर भर. तुमचं बालपण कसं गेलं, वडील काय करत, पहिलं मत कुणाला दिलंत. इथे ते क्वचितच अडवतात, आणि राजकारणी भलतंच काही सांगून जातात. बुद्धिबळात घाईच्या डावापेक्षा लांब डावात माणूस जास्त उघडा पडतो, तसं. आमची शिफारस विचाराल तर सुरुवात इथूनच करा.

पगार किती?

२०१७ मध्ये बीबीसीला दीड लाख पौंडांहून जास्त कमावणाऱ्यांची यादी पहिल्यांदा जाहीर करावी लागली. त्यात रॉबिन्सन अडीच ते तीन लाख पौंडांच्या गटात होते. हम्फ्रिस सहा लाखांच्या वर. त्यांच्याच शेजारी बसून तेच काम करणाऱ्या सारा माँटेग्यू यादीतच नव्हत्या, म्हणजे दीड लाखाच्याही खाली. यावर मोठा गदारोळ झाला. जानेवारी २०१८ मध्ये सहा पुरुष निवेदकांनी पगार कमी करून घेतला, त्यांत रॉबिन्सन होते. माँटेग्यू यांना पुढे माफी आणि चार लाख पौंड मिळाले. हा पैसा लोकांच्या परवाना शुल्कातून येतो (२०२५-२६ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड), म्हणून हिशेब मागायचा लोकांना अधिकार आहे.

बीबीसी मराठीशी त्यांचा काही संबंध?

नाही. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली ती वर्ल्ड सर्व्हिसची सेवा म्हणून. ‘टुडे’ हा ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठीचा देशांतर्गत कार्यक्रम आहे.

आपल्याकडे रेडिओवर असं काही का नाही?

मुख्य कारण कायद्याचं आहे. आजवरच्या धोरणानुसार भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करून देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पुण्या-नागपुरातल्या रेडिओ निवेदकाला पाणीटंचाईवर गाणं लावता येतं, विनोद करता येतो, पण पालकमंत्र्याला बसवून ‘गेल्या वर्षी तुम्ही हे म्हणाला होतात’ असं बातमी म्हणून विचारता येत नाही. आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र नेमकं आणि स्वच्छ असतं, पण सरकारी माध्यमानं सरकारच्याच मंत्र्याची रोज सकाळी उलटतपासणी घ्यावी, अशी रचनाच तिथे नाही. बीबीसीची रचना शाही सनदेवर उभी आहे आणि निःपक्षपातीपणा हे तिच्यावरचं बंधन आहे. ते किती पाळलं जातं यावर तिथे रोज भांडण होतं. भांडायला लेखी निकष आहे, एवढा फरक.

महाराष्ट्रातून ‘टुडे’ ऐकायचा कसा आणि कधी?

बीबीसीच्या आंतरराष्ट्रीय वेबसाइटवर किंवा अॅपवर रेडिओ ४ थेट ऐकता येतं. ब्रिटनमधल्या उन्हाळी वेळेत, म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, कार्यक्रम आपल्याकडे साडेदहाला सुरू होतो आणि आठ-दहाची मुलाखत दुपारी १२.४० ला येते. हिवाळ्यात सगळं तासभर पुढे: साडेअकरा आणि १.४०. निवेदकांच्या पाळ्या असतात, त्यामुळे रॉबिन्सन रोज भेटतीलच असं नाही. पक्षांची अधिवेशनं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, त्या दिवसांत ऐकायला सुरुवात केली तर दोन्ही मोठे पक्ष आणि त्यांचे नेते पंधरा-वीस दिवसांत ओळखीचे होतात.